हळदीची सीडी आधी

मोरा, उरण

चि. मयूरीस,

तुझ्या आईच्या लग्नाच्या व्हिडिओ सीडी (व्हीसीडी) अडकतात, चित्राचे चौकोन होतात, म्हणून पॉलिश करून घेऊ का, असं विचारलंस. नको. पॉलिशने खालच्या प्लास्टिकवरचे ओरखडे तेवढे जातात. सीडीचा जीव वरच्या अंगाला, नाव लिहितात त्या लाखेच्या पातळ थराखाली असतो. तिथे चमकणारा धातू आणि त्याला लागून रंगद्रव्याचा थर; स्टुडिओवाल्याने लेझरने खुणा केल्या त्या या रंगावर. ऊन, उकाडा आणि आपल्या बंदरावरची दमट हवा, तिन्ही त्याच्या मुळावर. सीडी दिव्यासमोर धरून बघ. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथला धातूच गेला. तो परत यायचा नाही. वरून चिकटवलेलं नावाचं लेबल मात्र ओढून काढू नकोस, त्याच्याबरोबर थर निघून येतो.

तुझ्या बारशाची डीव्हीडी त्या मानाने धट्टी. तिच्यात माहिती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असते, पण रंग तिचाही उडतो.

आता संगणकावर कुठली आधी उतरवायची? तू लग्नाची म्हणशील. मी म्हणतो, हळदीची. लग्नाचा अल्बम आहे, वरातीचे फोटो चार घरांत सापडतील. हळदीच्या मांडवात बयने, तुझ्या आजीने, म्हटलेले धवले, म्हणजे लग्नातली गाणी, मात्र आज ऐकता येतील अशी त्या एका चकतीवरच आहेत. आपल्या आगरी-कोळ्यांत धवले म्हणणाऱ्या धवलारणीशिवाय लग्न लागत नसे, आणि बयने एकही धवला कागदावर उतरवला नाही. लिहिता येत नव्हतं तिला, आणि गरजही वाटली नाही.

साधी कॉपी मारलीस तर खराब जागी संगणक अडून बसेल. व्हीसीडी वाचू शकणारा, खराब चकत्यांसाठीचा प्रोग्रॅम घे. तो वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागी मागाहून पुन्हा जातो. एका ड्राइव्हला जमलं नाही तर दुसऱ्यात घालून बघ, जुना ड्राइव्ह कधी कधी जास्त वाचतो. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. कुणी ‘फोर-के करून देतो’ म्हणाला तर हवं तर करू दे, पण मूळ फाइल हातची सोडू नकोस.

एक प्रत तुझ्याकडे ठाण्याला, एक इथे. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं जळाली. सगळं एका छपराखाली असलं की असं होतं.

धवल्यांच्या मध्ये बायका मोठमोठ्याने बोलतात, कुणीतरी तांदळाची परात मागतं. तो गोंगाट कापू नकोस. कोण कुणाला हाक मारतंय ते आईला विचारून लिहून ठेव.

या सीडी जिच्यावरून केल्या ती मूळ व्हीएचएस कॅसेट माझ्या कपाटात आहे. तिच्यावर पांढरी बुरशी धरली आहे, म्हणून मी ती व्हीसीआरमध्ये घातलेली नाही. बुरशी साफ करून देणारा माणूस आधी गाठायचा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा मामा