चाकं टेकली म्हणजे काम झालं का?

व्हिडिओत पायपर कब विमानाचं उदाहरण घाईत सांगून झालं, म्हणून इथे नीट लिहितो.

पायपर जे-३ कब हे अमेरिकेतलं दोन सीटचं छोटं विमान. १९३८ ते १९४७ या काळात बनलं, हौशी पायलट आजही उडवतात. हवेत अगदी गरीब गाय. खरी परीक्षा जमिनीवर!

याची दोन मोठी चाकं पुढे आणि एक छोटं चाक शेपटीखाली. त्यामुळे विमानाचा भारकेंद्र मोठ्या चाकांच्या मागे येतो. उतरल्यावर तोंड जरासं वळलं, तरी मागचं वजन सरळ जाऊ पाहतं आणि शेपटीला आणखी फिरवतं. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना आधी थोडी तिरकी होते आणि दुर्लक्ष केलं तर आडवी, तसंच हे. विमान गर्रकन फिरतं, पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा सांगाडाही मोडतो. याला म्हणतात ग्राउंड लूप.

आता गंमत बघा. लँडिंग झकास झालं तरी हे होऊ शकतं! वेग उतरतो तसा शेपटीच्या रडरवरचा वारा कमी होतो, ताबा सुटत जातो. आणि नेमके तेव्हाच पायलटचे पाय पेडलवर सैल पडतात. 'उतरलो बुवा!'

म्हणून शिकवणारे तीन गोष्टी घोकून घेतात:

१. टेकण्याआधीच तोंड धावपट्टीच्या रेषेत हवं, विमान बाजूला सरकत नको.
२. वळण दिसताच पेडल दाबा, पण थोडंच, आणि लगेच सोडा. जोरात दाबलं तर दुसरीकडे फिराल.
३. विमान पूर्ण थांबेपर्यंत तुम्ही ते उडवताच आहात.

आता आपल्या धंद्याकडे या. माल पोचला, सगळे खूश. बिल आठ दिवसांनी गेलं, पोच घ्यायची राहिली, फोन कोणी केलाच नाही. दोन महिन्यांनी पार्टी म्हणते, 'दोन पेट्या कमी होत्या.' पैसे अडकले. पगार कुठून करणार? पहिल्याच आठवड्यात एक फोन पुरला असता. आता भांडण करून गिऱ्हाईकही जाईल.

गृहपाठ: शेवटच्या पाच ऑर्डरी काढा. माल गेल्याची आणि पैसे आल्याची तारीख शेजारी लिहा. मधल्या दिवसांत पेडलवर पाय कोणाचा होता, त्याचं नाव लिहा. नाव सुचत नसेल, तर काम तिथूनच सुरू करा.