हाडांची गोळी सोडण्याआधी

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या औषधांच्या पिशवीत हल्ली एक चार गोळ्यांची पट्टी सापडते. अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, नाहीतर रायसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम. हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी दिलेली, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. आम्ही वस्तीत घरोघरी जाऊन पिशव्या बघतो, तेव्हा या पट्टीतली एखाद-दुसरी गोळी फोडलेली असते आणि बाकीच्या जशाच्या तशा. विचारलं की आजी सांगतात, "सोसली नाही गं मला. छातीत नुसती आग पडली." कुणाला मळमळलेलं असतं, कुणाचं अंग ठणकलेलं असतं. मग डॉक्टरांनाही न सांगता गोळी बंद.

आजींचा त्रास खरा असतो. पण त्यातला बराचसा गोळी घेण्याची पद्धत बदलली की कमी होतो. काही त्रास दोन-चार दिवसांत आपोआप जातो. आणि थोडे असे आहेत की त्याच दिवशी गोळी थांबवून दवाखाना गाठावा लागतो. कुठला त्रास कुठल्या प्रकारचा, हे घरात माहीत असावं म्हणून हे लिहितो आहोत. आजीला वाचता येत नसेल तर नातीने वाचून दाखवावं, आणि पट्टी हातात घेऊनच वाचावं.

आधी एक गोंधळ निस्तरू. "हाडांची झीज" हा एकच शब्द आपण दोन आजारांना वापरतो. गुडघ्याच्या सांध्यातली गादी झिजते, उठता-बसता कळ येते, तो संधिवाताचा प्रकार. हाडं आतून पोकळ, ठिसूळ होतात तो आजार वेगळा. हा दुसरा आजार हाड मोडेपर्यंत बहुतेक वेळा दुखतच नाही. ही गोळी त्या दुसऱ्या आजारावरची आहे. गुडघा तिने थांबणार नाही. हे कुणी समजावून सांगत नाही. ओपीडीत एवढी गर्दी असते की "आठवड्याला एक घ्या, उपाशीपोटी" एवढ्यावर पुढचा नंबर येतो. मग आजी महिनाभर वाट पाहतात, गुडघा तसाच दुखतो, वर छातीत जळजळ. फायदा दिसत नाही, त्रास मात्र दिसतो. अशा वेळी गोळी सोडावीशी वाटणारच.

फायदा दिसत नसला तरी तो मोजलेला आहे. मणक्याचं हाड आधीच मोडलेल्या दोन हजारांवर बायकांची अमेरिकेत तीन वर्षांची चाचणी झाली, ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. अलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत नवे मणके मोडण्याचं आणि खुबा मोडण्याचंही प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. खुबा मोडणं म्हणजे काय, ते आम्ही वॉर्डात पाहिलं आहे. न्हाणीत पाय घसरतो, ऑपरेशन होतं, त्यानंतर महिनोन्‌महिने अंथरूण. पुष्कळ जणी पुन्हा पहिल्यासारख्या चालत नाहीत. आणि घरातली एक कमावती बाई, बहुतेक वेळा सून किंवा लेक, काम सोडून घरी बसते.

आता गोळी घ्यायची कशी ते बघू, कारण निम्मं दुखणं इथेच आहे. ही गोळी पोटातून रक्तात फार कमी जाते. शंभर भागांतला एक भागसुद्धा नाही. पोटात चहा, दूध, बिस्कीट काही असलं तर तेवढंही जात नाही. म्हणून सकाळी उठल्यावर तोंड धुऊन, चहाच्या आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यायची. घोटभर पाण्याने चालत नाही. गोळी अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते, आणि आजी ज्याला "आग पडली" म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं. चावायची नाही, चघळायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. त्यानंतर अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, आणि काही खाल्ल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. महिन्यातून एकदा घ्यायची आयबॅन्ड्रोनेटची गोळी असेल तर अर्ध्याऐवजी एक तास. रात्री झोपताना ही गोळी कधीच घेऊ नये.

ऐकायला सोपं आहे, पण वस्तीतली सकाळ कशी असते ते आपल्याला माहीत आहे. नळाला पाणी पहाटे येतं. आजी उठतात, गोळी तोंडात टाकतात आणि लगेच वाकून हंडे भरायला लागतात. वाकलं की पोटातलं आंबट पाणी गोळीसकट वर येतं. म्हणून गोळीचा वार असा निवडा, ज्या दिवशी पाणी दुसरं कुणी भरेल. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जात असाल तर रविवार नको, कारण पंचांग प्रणामाला वाकावं लागतं. एका आजींनी बुधवार ठरवला, त्या दिवशी नातवाची शाळा दुपारची असते आणि पाणी तो भरतो. कॅलेंडरवर त्या वाराभोवती गोल करा. एखादा बुधवार राहिला तर आठवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या आणि पुढच्या बुधवारपासून पुन्हा नेहमीसारखं. एका दिवशी दोन कधीच घेऊ नका.

साखरेच्या गोळ्या, बीपीची गोळी त्या अर्ध्या तासानंतर. साखरेच्या गोळीला जेवणाची सांगड असते, ती मोडू नका. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते, तेव्हा त्या एका दिवसाचा क्रम डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. कॅल्शियमची गोळी आणि पोटात आग पडली म्हणून घेतो ते गुलाबी औषध, ही दोन्ही हाडांच्या गोळीला पोटातच अडवून धरतात. ती त्या सकाळी जवळपास नकोत.

आठवड्याची गोळी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात मिसळली आणि रोज दिली गेली, असंही आम्ही पाहिलं आहे. ही पट्टी वेगळ्या डबीत ठेवा. जास्त गोळ्या गेल्याच तर उलटी काढायला लावू नका, उलटीने अन्ननलिका आणखी भाजते. पेलाभर दूध द्या, बसवून ठेवा आणि पट्टी घेऊन दवाखान्यात न्या.

एवढं सगळं सांभाळूनही जळजळ होत असेल, तर पिशवीत दुसरं काय आहे ते बघा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी रोज चालू असते, आणि पोटाला जखम करण्यात ती हाडांच्या गोळीइतकीच पुढे आहे. दोन्ही मिळून पोट जास्त बिघडतं. काही ठिकाणी सांधेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या देतात, दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखा आराम पडतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि स्टेरॉइड महिनोन्‌महिने घेतलं की हाडंच ठिसूळ होतात. एका हाताने हाडं भरायची आणि दुसऱ्या हाताने पोखरायची, त्याला काय अर्थ?

गिळताना दुखणं, घास छातीत अडकणं, छातीच्या मधोमध नवीन किंवा वाढती आग, काळी डांबरासारखी शौचाला होणं, रक्ताची उलटी. यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. डोळा लाल होऊन दुखू लागला, अंधुक दिसू लागलं, तरी थांबायचं नाही. छातीत दुखणं हृदयाचंही असू शकतं, तेव्हा "गोळीचंच असेल" म्हणून घरी बसू नका.

सगळ्यांनाच ही गोळी चालते असं नाही. अर्धा तास ताठ बसता येत नाही, गिळायला त्रास आहे किंवा मूत्रपिंड फार कमजोर झालं आहे, त्यांनी ती घेऊ नये. अशांना, आणि खरोखर न सोसणाऱ्यांना, दुसरे मार्ग आहेत. म्हणून आमचा आग्रह असा, की गोळी सोडायची तर सोडा, पण डॉक्टरांना सांगून, बदली औषध विचारून सोडा.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाइन वर्षातून एकदा शिरेतून देतात. पोटाचा प्रश्नच नाही. पण पहिल्या वेळी साधारण तिघींपैकी एकीला ताप, थंडी, अंग मोडून येणं, डोकेदुखी होते. दुसऱ्या दिवशी आजी अंथरुणातून उठत नाहीत आणि घरात घबराट होते. हा त्रास बहुतेक वेळा तीन दिवसांत उतरतो, पुढच्या वर्षी फार कमी होतो. आधी भरपूर पाणी प्यायचं, नंतर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घ्यायची. सलाइनच्या आधी रक्ताची क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी झाली आहे ना, हे विचारा. ती न करता दिलं तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो किंवा कॅल्शियम घसरतं. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आणि हातापायांत गोळे ही त्याची खूण.

डेनोसुमॅबचं इंजेक्शन पोटावर किंवा दंडावर कातडीखाली, दर सहा महिन्यांनी देतात. त्रास कमी, किंमत जास्त. यात धोका आहे तो इंजेक्शन चुकवण्याचा. तारीख महिनाभराहून जास्त टळली तर साठवलेलं हाड झपाट्याने उतरतं आणि एकामागोमाग मणके मोडू शकतात. सुरू करण्याआधीच विचारा की पुढची इंजेक्शनं सरकारी दवाखान्यातून मिळतील का, की दर वेळी पदरचे पैसे भरावे लागतील. पैशांची खात्री नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. बंद करायचंच झालं तर त्याच्या जागी दुसरं औषध लगेच चालू करावं लागतं.

कॅल्शियमच्या गोळ्यांची तक्रार म्हणजे बद्धकोष्ठ आणि गॅस. डबीवर "कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम" लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची, दोन असतील तर दोन वेगवेगळ्या जेवणांना. पौर्णिमेला उपोसथ करून दुपारनंतर न जेवणाऱ्या आजींनी संध्याकाळची गोळी रिकाम्या पोटी न घेता त्या दिवशी सोडून द्यावी. तरी पोट साफ होत नसेल तर कॅल्शियम सायट्रेट मागून बघा, ते पोटाला हलकं जातं. ताटातूनही कॅल्शियम येतं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, काट्यासकट खाल्लेल्या सुकटातही भरपूर. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मात्र आठवड्याची किंवा महिन्याची असते. "ताकदीची आहे" म्हणून कुणी रोज घेतली तर तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम असं होऊन दवाखान्यात भरती व्हावं लागतं.

दोन दुर्मीळ त्रास राहिले. एक जबड्याचा. दात काढल्यावर हिरडीची जखम भरत नाही आणि आतलं हाड उघडं पडतं. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध घेणाऱ्यांत हे वर्षाला दहा हजारांत एखादीला होतं, किंवा त्याहूनही कमी. भिऊन औषध सोडण्याइतकं ते मोठं नाही. पण आपल्या आयांची मशेरी हिरड्या आधीच खराब करून ठेवते, तंबाखू जखम भरू देत नाही. म्हणून औषध सुरू करण्याआधी सरकारी दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे एकदा तोंड दाखवा, हलणारे दात आधीच काढून घ्या. औषध चालू असताना दात काढायची वेळ आली तर दातांच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव सांगा. ते विचारतीलच असं धरू नका.

दुसरा त्रास मांडीचा. बरीच वर्षं औषध घेतल्यावर क्वचित मांडीचं हाड न पडताच तडकतं. त्याआधी कित्येक आठवडे मांडीत किंवा जांघेत खोल, बोथट दुखत राहतं. हे दुखणं तेल चोळून घालवू नका. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायला सांगा, कारण दुसऱ्या बाजूलाही तडा असू शकतो.

हा धोका वर्षांगणिक वाढतो. म्हणून गोळीची पाच वर्षं किंवा सलाइनची तीन वर्षं झाली की "आता काही काळ थांबायचं का?" हे विचारायचं असतं. या औषधांचा अंश हाडात उरतो, त्यामुळे पुष्कळ जणींना सुट्टी देता येते. ज्यांचं हाड आधी मोडलं आहे त्यांना कदाचित नाही. डेनोसुमॅबला अशी सुट्टी नसते. त्यासाठी औषध कधी सुरू झालं ते माहीत हवं, आणि बहुतेक घरांत ते कुणालाच आठवत नाही. पहिला केसपेपर जपून ठेवा. फाटला असेल तर आजच्या पट्टीच्या डबीवर अंदाजाने तरी महिना आणि साल लिहून ठेवा.