'नंतर' आणि 'मुळें'



व्याकरणाच्या तासास आम्ही तुम्हांस दोन लहान अव्ययें शिकवितों: 'नंतर' आणि 'मुळें'. पहिलें काळ दाखवितें, दुसरें कारण दाखवितें. 'पावसानंतर पाहुणे आले' आणि 'पावसामुळें रोवणी झाली' या दोन वाक्यांतील भेद तुम्हांस सहज कळतो. पाहुण्यांस पावसानें आणिलें, असें कोणी म्हणत नाहीं. परंतु दुखणें आणि मृत्यु घराशीं आले म्हणजे मोठमोठीं माणसेंहि हा भेद विसरतात. इ. स. २०२१ मध्यें कोव्हिडच्या साथींत आमच्या गांवीं आम्हीं हें पाहिलें, आणि आमच्या हातूनहि एक चूक घडली. ती सांगण्यासाठींच हा धडा लिहीत आहों.

आमचें गांव करडी, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांतील. जिल्ह्यांत कोव्हिडचा पहिला रोगी २७ एप्रिल २०२० रोजीं आढळला. त्या काळीं शाळा बंद असल्यामुळें आम्ही गांवींच राहत होतों. सप्टेंबर महिन्यांत आम्हांसहि ताप आला. चौथ्या दिवशीं सकाळीं चहा तोंडास लाविला, तों त्यास ना वास, ना चव. कांदा फोडून नाकाशीं धरिला, तोहि जणूं मातीचा. बोटास लावून प्राणवायु मोजण्याचें यंत्र शेजारच्या घरून आणिलें होतें. त्यावर ९५ हा आंकडा दिसला कीं घरच्या मंडळींस धीर येई. आम्ही बरे झालों, तरी विहिरीपर्यंत जातांना दम लागे, तो पुढें दोन महिने. म्हणून या रोगाविषयीं आम्ही केवळ ऐकीव बोलत नाहीं.

देशांत लस टोंचण्यास १६ जानेवारी २०२१ रोजीं प्रारंभ झाला. आधीं आरोग्यसेवक, मग साठ वर्षांवरील वृद्ध, आणि १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व, असा क्रम होता. त्याच एप्रिलांत दुसरी लाट आली. जिल्ह्यांत एकाच वेळीं बारा हजारांहून अधिक रोगी होते. लस तर आली होती, परंतु तिच्यापुढें भीति धांवत होती. अमक्या गांवीं एक मनुष्य लस घेऊन आला आणि आठव्या दिवशीं गेला, अशा वार्ता मोबाईलवरून घरोघरीं पोंचत होत्या.

गांवांतील एका विद्यार्थ्याचे वडील असेच भीत होते. ते विचारावयास आले, तेव्हां आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें, "जा, लस घ्या. कांहीं होत नाहीं." आमची स्वतःची पाळी वयामुळें अद्याप आली नव्हती, म्हणजे जी लस आम्हीं घेतली नव्हती, तिची हमी आम्ही देत होतों. ते गेले व लस घेऊन आले. रात्रीं त्यांस थंडी वाजून ताप भरला, हात सुजला, अंग मोडून आलें. दोन दिवस ते खाटेवर पडून होते. ते मोहफुलें वेंचण्याचे दिवस. दोन दिवसांचीं फुलें गेलीं. तिसऱ्या दिवशीं ते उठले आणि कामास लागले. परंतु मुलगा आमच्या दाराशीं येऊन म्हणाला, "गुर्जी, तुमी तं म्हनलं होतं का काई होत नाई." त्याची आजी सत्तरी उलटलेली होती. ती म्हणाली, "पोरगा दोन दिस पडून रायला, मी तं म्हातारी. मले नाई टोचाची." पुढें कोणीं कितीहि समजाविलें, तरी तिनें ऐकिलें नाहीं.

मे महिन्यांत आजीस कोव्हिड झाला. प्राणवायु उतरूं लागला, तेव्हां तिला भंडाऱ्यास नेलें. तेथून ती परत आली नाहीं.

'लस न घेतल्यामुळें आजी गेली', असें वाक्य आमच्या ओठांवर आलें होतें. परंतु जो नियम गांवकऱ्यांस, तोच आम्हांस. लशीनें शरीरांत प्रतिकार उत्पन्न होण्यास कांहीं आठवडे लागतात. एका टोंचणीनें ती वांचलीच असती, असें कोण सांगूं शकेल? निश्चित एवढेंच, कीं लस घेतलेल्या वृद्धांत या रोगानें मरण्याचें प्रमाण न घेतलेल्यांपेक्षां पुष्कळ कमी होतें. आणि आजीनें ती संधि गमाविली, त्यास आमचें एक खोटें वाक्य अंशतः कारण झालें. हेतु चांगला होता, म्हणून तें वाक्य खरें होत नाहीं.

'नंतर' आणि 'मुळें' यांचा निवाडा कसा करावा, हें आपल्या देशानें पूर्वींहि एकदां मोठी किंमत देऊन शिकलेलें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. हाफकिन या शास्त्रज्ञांनीं तेथेंच त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. पुढें ती लाखों लोकांस देण्यांत आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं १०७ माणसांस ती टोंचली, आणि त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. एवढी मोठी दुर्घटना घडल्यावर 'लशीमुळें मेले' असें लोकांनीं म्हणावें, यांत नवल नाहीं. हाफकिन यांस आपल्या कामावरून दूर व्हावें लागलें. परंतु पुढें बारकाईनें पाहतां असें आढळलें, कीं त्या दिवशीं पांच बाटल्या वापरल्या होत्या आणि मेलेले सर्वच्या सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. बाटली गांवांत उघडतांना तिच्यांत धनुर्वाताचे जंतु शिरले असावेत, असा पुरावा पुढें आला. १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले, आणि १९२५ सालीं मुंबईंतील त्यांच्या संस्थेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें. येथें मृत्यु टोंचणीमुळें आले, हें खरें. परंतु लशीच्या गुणामुळें आले, हें खरें नव्हे. इतका सूक्ष्म भेद करण्यास पांच वर्षें लागलीं.

आमच्या काळींहि असा निवाडा झाला. लशीनंतरच्या गंभीर प्रसंगांची छाननी करण्यासाठीं केंद्र सरकारची तज्ज्ञ समिति होती. तिनें ३१ प्रसंग तपासले व त्यांचा निष्कर्ष जून २०२१ मध्यें जाहीर झाला. १८ प्रसंग निव्वळ योगायोगाचे ठरले. ७ अनिश्चित राहिले. काळ जुळत होता, पण पुरावा पुरेसा नव्हता. २ प्रसंगांची माहितीच अपुरी होती. १ प्रसंग टोंचून घेण्याच्या भीतीचा होता. उरलेल्या ३ प्रसंगांचा संबंध खरोखर लशीशीं होता. त्यांपैकीं ६८ वर्षांचे एक गृहस्थ तीव्र ॲलर्जीमुळें मरण पावले होते. समितीनें तें लपविलें नाहीं. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवीत, तें याच धोक्यासाठीं. कारण अशी ॲलर्जी बहुधा लवकर प्रकट होते, आणि जवळ औषध असल्यास तिच्यावर उपाय करतां येतो.

दुसरा एक धोका रक्ताच्या गांठींचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या कोव्हिशील्ड या लशीनंतर क्वचित् अशा गांठी होतात, असें परदेशांतील अनुभवावरून कळलें होतें. १७ मे २०२१ रोजीं सरकारनें जाहीर केलें, कीं भारतांत अशा संशयित प्रसंगांची नोंद दर दहा लाख टोंचण्यांमागें ०.६१ आहे, ब्रिटनमध्यें ती ४ आणि जर्मनींत १० होती. म्हणून लोकांस सांगण्यांत आलें, कीं टोंचणीनंतर वीस दिवसांच्या आंत छातींत दुखणें, दम लागणें, हातापायांस सूज, न थांबणारी डोकेदुखी किंवा टोंचल्या जागेपलीकडे त्वचेवर बारीक लाल ठिपके, यांपैकीं कांहीं दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावें. धोका अत्यल्प होता, पण शून्य नव्हता. ज्यास अल्प म्हणावयाचें, त्यास शून्य म्हणूं नये.

तर मग, विद्यार्थ्यांनो, अशी वार्ता कानीं आल्यास तीन प्रश्न विचारावे. पहिला: ही गोष्ट लशीवांचूनहि घडली असती काय? वृद्ध माणसें प्रत्येक महिन्यांत कांहीं ना कांहीं कारणानें मरतात. लाखों वृद्धांस लस दिली, तर त्यांतील कांहीं पुढच्याच आठवड्यांत स्वाभाविकपणें मरतील. दुसरा: लस घेतलेल्यांत ही गोष्ट न घेतलेल्यांपेक्षां अधिक घडते काय? एका माणसाकडे पाहून याचें उत्तर मिळत नाहीं. अनेकांची मोजदाद करावी लागते. तिसरा: शरीरांत ती कशी घडली, याचा मार्ग दाखवितां येतो काय? पहिल्या प्रश्नास नकार आणि पुढील दोहोंस होकार मिळेपर्यंत 'नंतर' म्हणावें, 'मुळें' म्हणूं नये. आणि ज्याच्या घरीं मृत्यु झाला आहे, त्यास हे प्रश्न हंसत हंसत विचारूं नयेत. त्याचें दुःख खरें असतें, मग त्यानें सांगितलेलें कारण खरें असो वा नसो.

जूनमध्यें आमची पाळी आली. आम्हीं लस घेतली, अर्धा तास बांकावर बसलों, आणि रात्रीं आम्हांसहि ताप भरला. दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों आणि त्याच्या वडिलांस म्हणालों, "भाऊ, माझें त्या दिवशींचें बोलणें चुकीचें होतें. ताप येतो. दोन दिवस काम होत नाहीं. फार क्वचित् याहून मोठें संकटहि येतें, आणि त्याच्या खुणा अमुक अमुक आहेत. तरीहि रोगाचा धोका याहून मोठा आहे, म्हणून मी लस घेतली." ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "हे तवाच सांगाचं होतं, गुर्जी." रोवणी आटोपल्यावर ऑगस्टमध्यें त्यांनीं दोन दिवसांचें काम आधींच उरकून घेतलें आणि दुसरी टोंचणी घेतली.

आतां स्वाध्याय. ६ ऑगस्ट २०२१ रोजीं भंडारा जिल्ह्यांत कोव्हिडचा एकहि उपचाराधीन रोगी उरला नाहीं. तोंवर पुष्कळांनीं लस घेतली होती, पुष्कळांस रोग होऊन गेला होता, आणि लाटहि सर्वत्र ओसरली होती. हें लशीनंतर घडलें, कीं लशीमुळें? वरील तीन प्रश्न लावून उत्तर लिहा. आम्हांस आवडेल असें उत्तर लिहूं नका; जेवढें सिद्ध करतां येईल, तेवढेंच लिहा.