मूठभर फल्लीदाणे: आजीचं नातीला सांगणं

पोरी, बदामाचा भाव बघून हळहळू नको. तेल्हाऱ्याच्या बाजारातले फल्लीदाणे पुरेत. भुईमूग आहे कडधान्याच्या कुळातला, पण अंगी गुण बरेचसे बदामाचेच. 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जवळपास निम्मं तेल.

दिवसाला एक मूठ, 25-30 ग्रॅम. एवढ्यातच दीडशेच्या आसपास कॅलरी होतात. ही मूठ बिस्किटाच्या, फरसाणाच्या जागी खायची. चिवड्यावर आणखी दाणे खाल्लेस तर वजन वाढणारच. दुपारच्या चहासोबत घे. तेल आणि प्रथिनांमुळे पोट सावकाश रिकामं होतं, साखर एकदम चढत नाही, आणि स्वयंपाक होईपर्यंत खाखा सुटत नाही.

भाजण्याआधी दाणे सुपात पसर आणि उजेडात बघ. हे काम घाईत उरकू नको. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशी धरलेला दाणा वेचून फेक. खाताना कडू लागला तर थुंकून टाक, चारचौघांत असलीस तरी. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. ते यकृतावर उठतं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. पावसाळ्यात शेंगा ओल्या पोत्यात राहिल्या की हेच होतं. म्हणून मी वर्षाचे दाणे कधी काढून ठेवत नाही. शेंगा खडखडीत वाळवायच्या अन् लागतील तशा फोडायच्या. भाजायचं मंद आचेवर, तेल-मीठ न घालता.

मेंदूचं विचारलंस. अक्रोड खाल्ला की अभ्यास लक्षात राहतो, असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नको. बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातल्या धडधाकट म्हाताऱ्यांना दोन वर्षं रोज अक्रोड दिले. 2020 साली निकाल आला, एकूणात बुद्धीत फरक दिसला नाही. पण स्पेनमधल्याच दुसऱ्या मोठ्या प्रयोगात भाज्या, मासे, ऑलिव्ह तेलाच्या जेवणासोबत रोज 30 ग्रॅम सुकामेवा खाणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्या जप. माझा भर त्यावर आहे. अक्रोडातलं ओमेगा-3 हवंय, तर जवसाची चटणी कर. जवसात ते अक्रोडाहून जास्त असतं. रोज भाकरीसोबत चमचाभर.

पाच वर्षांखालच्या लेकराच्या हाती अख्खा दाणा देऊ नको, श्वासनळीत अडकतो. त्याला आणि दात गेलेल्या आबाजींना कूटच. दाण्यानं ज्याचे ओठ सुजतात, अंगावर पित्त उठतं, त्याला मात्र चाखायलाही देऊ नको.