जुन्या घरात नवी फरशी : आधी उताराचे कारण शोधा



सुगीचे पैसे हाती आले की जुन्या घरातील सारवणाची जमीन काढून शहाबादी फरशी बसविण्याचा विचार अनेक घरांत होतो. जमीन एका बाजूस कललेली असली, तर मसाल्याचा जाड थर देऊन पातळी जमविली जाते. परंतु खालची जमीन खचत असेल, तर पावसाळ्यानंतर फरशी पुन्हा बसते, सांधे उघडतात आणि खर्च वाया जातो. म्हणून प्रथम उतार मोजावा व त्याचे कारण शोधावे.

उतार कसा मोजावा?
पारदर्शक नळीत पाणी भरावे; बुडबुडे राहू देऊ नयेत. नळीच्या साहाय्याने चारही कोपऱ्यांत भिंतीवर एकाच पातळीत खुणा कराव्यात व प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. 3 मीटर लांबीत 6 सें.मी. फरक आल्यास उतार 50 ला 1 समजावा.

मुख्य कारणे व उपाय
1) काळी माती : ही माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. भिंतीलाही तिरप्या भेगा असल्यास भेगेच्या टोकाशी तारीख लिहून उन्हाळा व पावसाळा निरीक्षण करावे. भेग वाढत असल्यास काम थांबवून स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.
2) पागोळ्यांचे व मोरीचे पाणी : ते पायाशी मुरू न देता पक्क्या नालीने दूर काढावे.
3) घुशींची बिळे : पहारीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास तेथे खोदून बीळ दगड-मुरमाने पक्के भरावे.

भराव
भरावात काळी माती वापरू नये. मुरूम 15 सें.मी.च्या थरांत टाकून, पाणी मारून धुमसाने ठोकावा. त्यावर 1:4:8 प्रमाणाचे 10 सें.मी. काँक्रीट घालून मग फरशी बसवावी. नव्या पातळीवर दार मोकळे उघडेल ना, हे आधीच पाहावे.

कोठे उतार ठेवावा?
न्हाणी, ओटा व गुरे बांधण्याची पडवी सपाट करू नये. गुरांच्या जागेत गव्हाणीपासून मूत्रनालीकडे 40 ते 60 ला 1 उतार ठेवावा. मूत्र साचल्यास खुरांचे विकार व कासदाह होण्याचा धोका वाढतो. तेथील पृष्ठभाग खरबरीत ठेवावा, म्हणजे जनावर घसरणार नाही.

गवंड्याशी दर ठरविताना भरावाचे कामही ठरवून घ्यावे आणि ठोकलेला भराव स्वतः पाहूनच फरशी बसविण्यास सांगावे.