तिची कामं तिच्याकडेच राहू दे

एडिसन, न्यू जर्सी

चि. बाळास,


तुझ्या आईचं ग्रीन कार्ड मंजूर झालं, फार आनंद झाला. "आयुष्यभर राबली, आता इथे तिला एकाही कामाला हात लावू देणार नाही," असं तू फोनवर म्हणालास. त्यातली माया मला कळते. पण तू तसं खरंच करशील याची मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

तुझी आई सातारा जिल्ह्यातल्या शाळेची मुख्याध्यापिका होती. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, पटाचे अहवाल, शिक्षणाधिकाऱ्यांच्या भेटी, सगळं तिने निभावलं. तुझे वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे ती एकटी जात होती. कुणाला बरोबर ये म्हणाली नाही. अशा बाईच्या हातातलं सगळं तू प्रेमाने काढून घेतलंस, तर ती तुला नाही म्हणणार नाही. ती गप्प बसेल, आणि तू समजशील की आई आरामात आहे.

आमच्या वयाची माणसं इथे संध्याकाळी पार्कात जमतात. तक्रार कुणाचीच मुलं वाईट असल्याची नसते. त्रास असतो तो बारीकसारीक कामांचा. चष्म्याचा स्क्रू पडला, पोस्टाचं तिकीट हवं, गोळ्या संपत आल्या. साताऱ्यात ही कामं भाजी आणता आणता होतात. इथे त्यांना शनिवारपर्यंत थांबावं लागतं, कारण गाडी मुलाकडे. मंगळवारी मोडलेल्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून माणूस चार दिवस पेपर वाचतो. शनिवारी मुलगा दमलेला दिसला की म्हणतो, "राहू दे, घाई नाही." घाई असते, बाळा. माणसं ती बोलून दाखवत नाहीत एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट, घराची. लीज संपत आलंय म्हणालास. नवं घर बघताना शाळा आणि स्टेशन बघतोसच, पण दारातून निघून चालत किराणा, फार्मसी आणि लायब्ररी गाठता येते का, तेही बघ. इथल्या कित्येक रस्त्यांना फूटपाथच नाही, आणि जिथे आहे तिथेही थंडीत बर्फ गोठतो. ओक ट्री रोडच्या आसपास राहणारे म्हातारे निम्मी कामं स्वतः करतात, त्याचं कारण एवढंच की दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घर लांबच मिळालं, तर काउंटीची ज्येष्ठांसाठीची बस तिला पहिल्याच महिन्यात दाखव. बासष्टी उलटल्यावर एनजे ट्रान्झिटचं तिकीटही सवलतीत मिळतं. एकदा तू बरोबर जा, दुसऱ्यांदा तिला एकटीला जाऊ दे. गाडी शिकायची म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नकोस. लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात, ४० बरोबर आले की पास. तिने यापेक्षा अवघड पेपर काढलेत.

आता पेन्शन. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मी पाटबंधारे खात्याचा पेन्शनर आहे आणि दर वर्षी यातून जातो. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पुढे पेन्शन थांबतं. तिथे असताना शाखेत जाऊन यादीवर सही केली की झालं. इथून 'जीवन प्रमाण' हा ऑनलाइन दाखला देता येतो, तो २०१४ सालापासून आहे, पण त्याचा धागा आधार आणि मोबाइल नंबरला बांधलेला असतो. नाहीतर न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत जायचं. मॅनहॅटनमध्ये ६४व्या रस्त्यावर आहे. एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशन आणि तिथून पुढे. नोव्हेंबरात त्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल धरून बसलेली आपली माणसं हमखास दिसतात. पासपोर्ट, पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर आणि फॉर्म घेऊन अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, त्याने बघून सही करायची. तुझ्या आईची बँक आणि पंचायत समिती यातलं नेमकं काय स्वीकारतात, ते तिने निघण्याआधीच विचारून, शक्य तर लिहून घ्यावं.

दाखल्यापेक्षा मोठा घोर ओटीपीचा. परवा मला बँक खात्याच्या केवायसीबद्दल विचारायचं होतं. तिथे सकाळी दहाला शाखा उघडते, तेव्हा थंडीत इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात साडेबारा. घर झोपलेलं, मी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "काका, होम ब्रँचला येऊन जा ना." मी अमेरिकेत आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग ओटीपी सांगा." ओटीपी ज्या नंबरवर जाणार, ते सिम रिचार्ज संपून बंद पडलं होतं. माझ्या ओळखीच्या बहुतेक पेन्शनरांच्या वैतागाचं मूळ हेच आहे. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. म्हणून आईचा भारतातला नंबर काही झालं तरी जिवंत ठेवायचा. रोमिंग तिथूनच सुरू करून घ्या, रिचार्जची तारीख तिच्या वहीत लिहिलेली असू दे. ते सिम तिच्याच फोनमध्ये राहू दे. तुझ्या फोनमध्ये घालू नकोस. ओटीपी ज्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

बचत खातंही एनआरओ, म्हणजे अनिवासी खातं, करावं लागेल. कायमची परदेशी राहायला निघालेल्या माणसाने साधं खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. पेन्शन एनआरओत जमा होऊ शकतं. व्याजावर मात्र तीस टक्के कर आणि वर उपकर कापला जातो. विवरणपत्र भरलं की जादा कापलेला कर परत मागता येतो. सी.ए.शी बोलताना फोन स्पीकरवर ठेव आणि आईला बोलू दे.

नाव आणि जन्मतारीख. तिच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राप्रमाणे तिचीही कागदोपत्री तारीख १ जून आहे, गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. इथे फार्मसीच्या खिडकीवर, दवाखान्यात, फोनवर, सगळीकडे आधी जन्मतारीख विचारतात आणि इथे महिना आधी लिहितात. सवयीने १/६ लिहिलं की ती ६ जानेवारी होते, आणि खिडकीपलीकडची मुलगी मान हलवते, अशी कुणी नोंदीत नाही म्हणून. तिच्याकडून पाठ करून घे. पासपोर्टवर नाव आणि आडनाव ज्या क्रमाने आहे, तोच क्रम सोशल सिक्युरिटी कार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे ठेव. पहिल्या नावाला पतीचं नाव एका ठिकाणी जोडलं गेलं आणि दुसरीकडे सुटलं, की निस्तरायला महिने जातात.

औषधांच्या नुसत्या ब्रँडच्या नावांवर इथे निभत नाही. तिथल्या डॉक्टरांकडून घटकांची नावं आणि मात्रा तिला लिहून आणू दे. विशेष सांभाळायचं ते हे: आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं. सर्दीखोकल्याच्या कित्येक औषधांतही ते असतं. तिने बॅगेतली क्रोसिन घेतली आणि वर तू दिलेली टायलेनॉल, तर एकच औषध दुप्पट पोटात जातं आणि ते यकृताला बाधतं. दात आणि चष्मा साताऱ्यातच करून यावं. इथला सरकारी विमा, मेडिकेअर, विकत घ्यायलाही पासष्टी आणि ग्रीन कार्डावरचं सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, तोवर बाजारातला विमा घ्यावा लागेल. त्याचे पैसे तू भर, तिथे संकोच करू नकोस.

तिला गणपतीला घरी जावंसं वाटलं तर जाऊ दे. घराची किल्ली शेजारी देऊन माणूस सुखाने राहत नाही. सहा महिन्यांच्या आत परत आली तर सहसा अडचण येत नाही. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर रीएन्ट्री परमिट लागतं, आणि त्याचा अर्ज निघण्याआधी इथे असतानाच करावा लागतो.

तू तिच्या बाजूला बसून राहा, पण माउस तिच्या हातात दे. पाच मिनिटांच्या फॉर्मला तिला पाऊण तास लागेल. तुझा जीव वर-खाली होईल, तरी "दे इकडे, मी करतो" हे शब्द तोंडातून काढू नकोस. माझा मुलगाही हेच म्हणायचा. एके दिवशी मी त्याला स्पष्ट सांगितलं, आणि त्याने ऐकलं. तेव्हापासून माझा दाखला मी स्वतः जाऊन देतो.

येत्या रविवारी आईला फोन करशील, तेव्हा तिकिटांच्या आधी हा विषय काढ. आधारला कोणता नंबर जोडलाय ते तिने तपासावं, शाखेत जाऊन एनआरओचा फॉर्म मागावा. तिथे ओळखीच्या कुणाला पाठवतो म्हणू नकोस. ती स्वतः जाईल.

तुझा,
मामा