मोडलेला पाय आणि सोसण्याचे बळ



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा वृद्धांबरोबर तरणीताठी माणसेही खाटेवर दिसतात. कोणी मोटारसायकलवरून पडलेला, कोणी उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला, कोणी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरलेली. मांडीत रॉड, नडगीला पट्टी आणि स्क्रू, पाय उशीवर. तोंडी मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "फादर, मी पुन्हा नीट चालेन का? आणि तोवर घर कोण चालवणार?" आजच्या पाठात या प्रश्नाचा विचार करू या.

१. धैर्य म्हणजे काय?

धैर्य म्हटले की आपल्याला चढाई करणारा वीर आठवतो. १३व्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी मात्र धैर्याचे मुख्य काम चढाई नव्हे, तर टिकून राहणे आहे, असे शिकवले. त्यासाठी त्यांनी तीन कारणे दिली. सोसणाऱ्यापुढचे संकट त्याच्यापेक्षा बलवान असते. चढाई करणाऱ्याला संकट अजून पुढे दिसते, सोसणाऱ्याच्या अंगावर ते आलेलेच असते. आणि चढाई क्षणात होऊ शकते, सोसायला मात्र काळ लागतो.

मोडलेल्या पायाला ही तिन्ही कारणे लागू पडतात. मांडीचे किंवा नडगीचे हाड जुळायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, कधी त्याहून अधिक. तेवढे दिवस वेदना सोबत असते आणि घाई करून काही साधत नाही. तेव्हा खाटेवर पडलेला माणूस रिकामा बसलेला नसतो. त्याचे शरीर स्थिर असते, पण मनाने तो चांगल्याला घट्ट धरून असतो. हेही कामच आहे, आणि ते कष्टाचे आहे.

२. पाम्पलोनाचा सैनिक

२० मे १५२१ रोजी स्पेनमधील पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून इग्नेशियस लोयोला यांचा उजवा पाय मोडला, डावाही जखमी झाला. हाड नीट बसले नाही, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. जूनअखेरीस ते मरणाच्या दारातून परतले. पुढे हाडाचा एक तुकडा वर आलेला दिसू लागला. तंग बूट घालता यावेत आणि पाय देखणा दिसावा, एवढ्यासाठी त्यांनी तो कापून घेतला. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. आखूड झालेला पाय ओढून लांब करण्याचे उपायही त्यांनी सोसले.

ही सहनशक्ती मोठी होती, पण ती दिखाव्यासाठी होती. पडून असताना त्यांनी वीरकथांची पुस्तके मागितली. घरात ती नव्हती, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. त्यांच्या लक्षात आले की पराक्रमाची स्वप्ने रंगवताना आनंद होतो, पण नंतर मन कोरडे पडते, आणि संतांसारखे जगण्याचा विचार केला की आनंद टिकून राहतो. तेथून त्यांचे आयुष्य वळले. पाय मात्र पूर्ववत झाला नाही, ते अखेरपर्यंत लंगडत चालले. आजारी माणसाला "सगळे पहिल्यासारखे होईल" असे खोटे आश्वासन आपण देऊ नये. चाल बदलेल कदाचित, पण माणूस उणा होत नाही.

३. आपल्या मातीतला अनुभव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. सुमारे दहा हजार माणसे गेली, हजारो जखमी झाली. ज्यांचे हातपाय मोडले, त्यांतील कित्येकांना सेवा करायला घरचे माणूसही उरले नव्हते. त्यांना ढिगाऱ्यातून परक्या हातांनी बाहेर काढले. एकट्याच्या बळावर कोणी उभा राहत नाही, हे लातूरकरांना सांगायला नको.

अलीकडचे उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे यांचे. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवणारा हा खेळाडू जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील शर्यतीत पडला. गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. वाऱ्यासारख्या धावणाऱ्या पायालाही थांबावे लागते. त्यात कमीपणा नाही.

४. रोजचे धैर्य

डॉक्टरांनी पायावर भार टाकू नका म्हटले तर टाकू नये, आणि चाला म्हटले तर भीतीने पडून राहू नये. ताज्या मोडलेल्या हाडाला तेल लावून चोळू नये. पडून राहिल्याने स्नायू लवकर वाळतात, म्हणून सांगितलेला व्यायाम दुखले तरी रोज करावा. डाळ, अंडी, दूध पोटात जावे. तंबाखू आणि विडी सोडावी, त्यामुळे हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी. पोटरी अचानक सुजली, दम लागला, प्लास्टरमधील बोटे निळी किंवा बधिर झाली, ताप किंवा पू आला, तर रविवारची वाट पाहू नये, तत्काळ दवाखाना गाठावा. रडू येणे हा दुबळेपणा नव्हे. पण झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. आम्हालाही कधीही बोलवावे.

५. आपले काम

एका घरी आम्ही "देवाची इच्छा" असे म्हणून उठत होतो. ती माउली म्हणाली, "फादर, ते खरं असेल, पण रेशन कोण आणणार?" आम्ही निरुत्तर झालो. त्या दिवशी आमचाही पाठ झाला.

म्हणून विनंती अशी: भेटायला जाल तेव्हा दोष शोधू नका, देवाने शिक्षा केली असे तर मुळीच म्हणू नका. रेशन आणून द्या, मुलांना शाळेत सोडा, पेरणी-काढणीला एक दिवस द्या, तपासणीला सोबत जा. घरात पडून असलेला वॉकर किंवा कमोडची खुर्ची असेल तर गरजूला द्या. आणि कुबड्या घेऊन मिस्साला येणाऱ्यांनो, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून संकोच करू नका. बसून केलेली प्रार्थनाही प्रभूला पोहोचते.

घरी चर्चेसाठी:
(अ) आपण कोणते दुःख सोसतो आहोत आणि कोणते केवळ दिखाव्यासाठी?
(ब) आपल्या गल्लीत कोण खाटेवर आहे? या आठवड्यात त्याचे कोणते एक काम आपण करू?

प्रभू येशू सर्व रुग्णांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ देवो.

आपले धर्मगुरू